एका लहान शहराचे अनेक प्रतिनिधी
(नागरिकशास्त्राच्या अध्यापनासाठी एक परदेशी उदाहरण)

प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत नागरिकशास्त्राचा पाठ चालू असताना ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा व लोकसभा या संस्थांची नावे आणि त्यांच्या सदस्यांची मुदत मुले तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु “गावातील टपाल कचेरी बंद पडली, तर दाद कोणाकडे मागावी?” असा साधा प्रश्न केला की वर्ग गप्प होतो. फार तर एखादा मुलगा “सरपंचाकडे” असे उत्तर देतो. संस्थांची यादी पाठ असणे निराळे आणि आपल्या वतीने कोण, कोणत्या विषयात, कितपत बोलू शकतो हे उमगणे निराळे, याची खूण अशा वेळी पटते.

नित्य परिचयाच्या व्यवस्थेकडे आपले लक्ष जात नाही. दुसऱ्याचे घर पाहून आल्यावर स्वतःच्या घरातील दारे-खिडक्या नव्याने दिसू लागतात. या विचाराने प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका लहान शहराची माहिती दिली आहे. तेथील नागरिक कोणाकोणाला निवडून देतात, त्या प्रत्येकाच्या अधिकाराची सीमा कोठे संपते आणि संकटाच्या वेळी या सीमांचा कसा अनुभव येतो, हे शिक्षक बंधुभगिनींनी लक्षपूर्वक पाहावे, अशी विनंती आहे.

१. शहराचा परिचय

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात कॅनडाच्या सरहद्दीला लागून व्हरमाँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. १७९१ साली ते संघराज्यात चौदावे राज्य म्हणून सामील झाले. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ६,४३,०७७ होती. म्हणजे संपूर्ण राज्य आपल्याकडील एखाद्या मोठ्या शहरात सामावेल. या राज्याची राजधानी माँटपीलियर. १८०५ साली तिला हा मान मिळाला. त्याच जनगणनेत या शहराची लोकसंख्या अवघी ८,०७४ भरली. अमेरिकेतील पन्नास राज्यांच्या राजधान्यांत ही सर्वांत लहान होय. आपल्याकडील बाजाराच्या गावाएवढी वस्ती, मध्यातून वाहणारी विनूस्की नदी आणि सोनेरी घुमटाचे राज्य विधिमंडळ, असे या शहराचे स्वरूप आहे.

२. नगरपरिषद व नगर-व्यवस्थापक

शहराचे तीन प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागातून दोन, असे एकूण सहा सदस्य आणि सर्व शहराने मिळून निवडलेला एक महापौर यांची नगरपरिषद बनते. सदस्यांची मुदत दोन वर्षांची असते, परंतु सर्वांची मुदत एकाच वेळी संपत नाही. दरवर्षी प्रत्येक प्रभागातील एका जागेसाठी निवडणूक होते. त्यामुळे परिषदेत जुने व नवे सदस्य नेहमी एकत्र असतात आणि मतदाराला आपले मत दरवर्षी व्यक्त करता येते. नगराच्या निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढे राजकीय पक्षाचे नाव नसते.

दैनंदिन कारभार मात्र महापौर पाहत नाही. त्यासाठी परिषद एका वेतनी नगर-व्यवस्थापकाची नेमणूक करते. रस्त्यावरील बर्फ काढणे, पाणीपुरवठा, पोलीस, अग्निशामक दल ही कामे त्याच्या देखरेखीखाली चालतात. धोरण ठरविणारे निवडून आलेले व ते अमलात आणणारा नेमलेला, अशी ही विभागणी आहे. आपल्या जिल्हा परिषदेत अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यात जे नाते असते, त्याच्याशी याची तुलना करता येईल. एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. आपले मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य शासनाकडून येतात. तेथील नगर-व्यवस्थापकाची नेमणूक नगरपरिषदच करते व त्याला दूरही तीच करू शकते.

मार्च महिन्याचा पहिला मंगळवार हा व्हरमाँटमध्ये ‘नगरसभेचा दिवस’ म्हणून पाळला जातो. लहान गावांत त्या दिवशी प्रौढ नागरिक एका सभागृहात जमतात, अंदाजपत्रकाच्या एकेका बाबीवर चर्चा करतात व हात वर करून निर्णय घेतात. आपल्या ग्रामसभेचेच हे एक रूप म्हणावे लागेल. माँटपीलियरमध्ये खुल्या सभेऐवजी गुप्त मतदान होते. परंतु तेथेही मतदार केवळ माणसे निवडीत नाहीत. पुढील वर्षाचे नगराचे अंदाजपत्रक मंजूर आहे की नाही, हेही ते मतपत्रिकेवर सांगतात. प्रतिनिधी निवडला म्हणून पैशाच्या बाबतीतील आपला हक्क नागरिकाने सर्वस्वी सोपवून दिलेला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

शिक्षकांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट येथे नमूद करतो. २०१८ पासून २०२३ च्या प्रारंभापर्यंत या शहराच्या महापौर असलेल्या ॲन वॉटसन या तेथील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षिका होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या राज्याच्या सिनेटवर निवडून गेल्या. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या सेवेत असताना शिक्षकास निवडणूक लढविता येत नाही आणि त्यामागे सबळ कारणे आहेत. परंतु सार्वजनिक कारभार समजून घेण्यास व समजावून देण्यास शिक्षकाला कोणताच नियम आड येत नाही.

३. काउंटी व राज्य

शहराच्या वर ‘काउंटी’ म्हणजे परगण्यासारखा विभाग असतो. माँटपीलियर ज्या काउंटीत आहे तिचे नाव वॉशिंग्टन. राष्ट्राच्या राजधानीचे नावही तेच असल्याने मुलांचा गोंधळ होऊ नये, एवढी काळजी घ्यावी. या काउंटीचा शेरीफ, सरकारी वकील, तसेच वारसा व मृत्युपत्रे यांचे काम पाहणारा न्यायाधीश, हे सर्व मतदारांनी निवडलेले असतात. आपल्याकडे अशी पदे परीक्षा घेऊन किंवा नेमणुकीने भरली जातात. निवडून आलेला सरकारी वकील लोकांना थेट जबाबदार राहतो, हा एक पक्ष. लोकांना काय रुचेल याकडे त्याचे लक्ष लागून न्यायाची बाजू लंगडी पडेल, हा दुसरा पक्ष. वरच्या इयत्तेत या प्रश्नावर वादविवाद ठेवता येईल.

राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात १५० व सिनेटमध्ये ३० सभासद असतात आणि दोहोंची मुदत दोन वर्षांची असते. माँटपीलियर शहर प्रतिनिधिगृहात दोन सभासद पाठविते. सिनेटसाठी काउंटीचा मिळून तीन जागांचा मतदारसंघ आहे. त्यात या शहराचे मतदारही असतात.

गव्हर्नर या शब्दाचे भाषांतर आपण ‘राज्यपाल’ असे करतो, पण त्याने अर्थाचा घोटाळा होतो. आपले राज्यपाल राष्ट्रपतींकडून नेमले जातात. अमेरिकेतील गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असून राज्याचा प्रत्यक्ष कारभार त्याच्या हाती असतो. व्हरमाँटमध्ये त्याला दर दोन वर्षांनी मतदारांपुढे जावे लागते. त्याच्याखेरीज उपगव्हर्नर, खजिनदार, राज्य सचिव, लेखापरीक्षक व महाधिवक्ता हे पाच अधिकारीही स्वतंत्रपणे निवडले जातात. गव्हर्नर एका पक्षाचा व खजिनदार दुसऱ्या पक्षाचा असू शकतो. मंत्रिमंडळ एकजिनसी असावे हा आपला संकेत तेथे लागू नाही.

४. शहराच्या अधिकाराची सीमा

अमेरिकेच्या राज्यघटनेत संघराज्याचा व राज्यांचा उल्लेख आहे, शहरांचा नाही. राज्य विधिमंडळाने सनदेत जेवढे दिले, तेवढाच शहराचा अधिकार. याचे एक बोधप्रद उदाहरण माँटपीलियरमध्येच घडले.

शहरात कायदेशीरपणे राहणाऱ्या, कर भरणाऱ्या, परंतु अमेरिकेचे नागरिक नसलेल्या रहिवाशांना नगराच्या निवडणुकीपुरते मत देता यावे, अशी सूचना पुढे आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये शहराच्या मतदारांनी तिला संमती दिली. परंतु सनद बदलावयाची तर राज्य विधिमंडळाची मंजुरी हवी. विधिमंडळाने २०२१ साली ती दिली. गव्हर्नर फिल स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला. मग दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी तो नकार रद्द ठरविला. प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध असल्याचा निर्णय दिला. मतदारासाठी नागरिकत्वाची जी अट राज्यघटनेत आहे, ती राज्याच्या निवडणुकांना लागू होते, नगराच्या नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

आठ हजार वस्तीच्या शहराने स्वतःच्या निवडणुकीविषयी घेतलेला निर्णय मतदार, विधिमंडळ, गव्हर्नर, पुन्हा विधिमंडळ व शेवटी न्यायालय अशा पायऱ्या चढून गेला. निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद राहतील. पाठासाठी महत्त्वाचे आहे ते हे, की या प्रत्येक पायरीवर कोणीतरी लोकांनी निवडलेला किंवा कायद्याने बांधलेला मनुष्य उत्तर देण्यास उभा होता. भारतात १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिका यांना राज्यघटनेतच स्थान मिळाले आहे. त्या दृष्टीने आपली ग्रामपंचायत माँटपीलियरच्या नगरपरिषदेहून अधिक पक्क्या पायावर उभी आहे, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

५. राष्ट्राच्या राजधानीतील प्रतिनिधी

अमेरिकेच्या काँग्रेसमध्येही दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. लोकसंख्या कमी असल्याने संपूर्ण व्हरमाँट राज्याला तेथे एकच जागा आहे. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला सारख्याच दोन जागा. २०२० च्या जनगणनेत ३ कोटी ९५ लाखांवर लोकसंख्या नोंदविलेल्या कॅलिफोर्नियाला दोन आणि साडेसहा लाखांहून कमी वस्तीच्या व्हरमाँटलाही दोनच. संख्येने लहान असणाऱ्यांचा आवाज मोठ्यांच्या गर्दीत बुडू नये, हा या योजनेचा हेतू. आणि एका मताचे मोल सर्वत्र सारखे राहत नाही, हा तिच्यावरील आक्षेप. पूर्वी हे सिनेटर राज्य विधिमंडळे निवडीत असत. १९१३ च्या घटनादुरुस्तीपासून लोक त्यांना थेट निवडतात. आपल्या राज्यसभेचे सदस्य आजही विधानसभेचे सभासद निवडतात, हा फरक फळ्यावर मांडण्याजोगा आहे.

व्हरमाँटचे सिनेटर बर्नी सँडर्स यांची राजकीय वाटचाल या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९८१ साली ते याच राज्यातील बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले, ते केवळ दहा मतांच्या आधिक्याने. पुढे १९९१ पासून प्रतिनिधिगृहात व २००७ पासून सिनेटमध्ये ते निवडून जात राहिले. “माझ्या एका मताने काय होणार?” असे म्हणणाऱ्या पालकाला हा दहाचा आकडा सांगावा. २०२२ साली प्रतिनिधिगृहावर निवडून आलेल्या बेका बॅलिंट या काँग्रेसमधील व्हरमाँटच्या पहिल्या महिला प्रतिनिधी; राजकारणात येण्यापूर्वी त्यांनीही शाळेत अध्यापन केले होते.

एक महापौर, आपल्या प्रभागाचे दोन सदस्य, शाळामंडळावरील शहराचे सात सदस्य, राज्य विधिमंडळातील पाच सभासद, राज्याचे सहा अधिकारी आणि काँग्रेसमधील तिघे अशी मोजदाद केली, तर काउंटीचे अधिकारी व राष्ट्राध्यक्ष सोडूनही माँटपीलियरच्या एका मतदाराच्या वतीने चोवीस माणसे कारभारात बसलेली दिसतात.

६. महापुराची कसोटी

इतके प्रतिनिधी असण्याचा उपयोग काय, याची परीक्षा जुलै २०२३ मध्ये झाली. १० व ११ जुलै रोजी अतिवृष्टीने विनूस्की नदीला पूर आला आणि शहराची बाजारपेठ पाण्याखाली गेली. शहराच्या वरच्या अंगाला राइट्सव्हिल येथे १९२७ च्या भीषण महापुरानंतर, १९३० च्या दशकात बांधलेले धरण आहे. ते काठोकाठ भरत आले होते आणि सांडव्यावरून पाणी गेले तर काय, या चिंतेत शहराने रात्र काढली.

या वेळी कोणाकडे कोणते काम होते, ते पाहावे. लोकांना सूचना देणे, रस्ते बंद करणे, पुढे चिखल व कचरा उचलणे हे नगराचे काम. धरण राज्याच्या मालकीचे, म्हणून त्यावरील देखरेख राज्याची. राष्ट्रीय मदत मागण्याचा अधिकार महापौरास नाही. ती विनंती गव्हर्नरने करावयाची. तशी ती झाली व १४ जुलै रोजी राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती जाहीर केल्यावर घरे व दुकाने उभी करण्यास राष्ट्रीय निधीचा मार्ग मोकळा झाला.

पुराने टपाल कचेरीच्या इमारतीचेही नुकसान झाले व ती बंद पडली. पाणी ओसरले, दुकाने एकेक करून उघडली, पण राज्याच्या राजधानीत टपाल कचेरी नाही अशी स्थिती महिनोन्महिने राहिली. वृद्ध माणसांना औषधाचे पार्सल आणण्यास दूर जावे लागे. नगरपरिषदेने किती ठराव केले तरी टपाल खाते तिच्या अधिकारात येत नाही. ते राष्ट्रीय खाते आहे. नागरिकांनी निदर्शने केली आणि दोन सिनेटर व एक प्रतिनिधी यांनी खात्याच्या वरिष्ठांकडे तगादा लावला. अखेर २०२४ मध्ये शहराच्या मध्यभागी नव्या जागेत टपाल कचेरी सुरू झाली. लेखाच्या प्रारंभी दिलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. आपल्याकडेही टपाल खाते केंद्र सरकारचे असल्याने त्याविषयीची दाद खात्याच्या अधिकाऱ्यांकडे व खासदारांकडे मागावयाची असते.

७. शाळामंडळ आणि रॉक्सबरीची शाळा

आता शिक्षकांना सर्वांत जवळचा विषय. अमेरिकेत शाळा नगरपरिषदेच्या ताब्यात नसतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र निवडलेले मंडळ असते. १९६२ साली जिल्हा परिषदा येण्यापूर्वी आपल्याकडे जिल्हा शाळामंडळे होती, त्यांची येथे आठवण होईल. व्हरमाँटमध्ये शाळामंडळाने तयार केलेले वार्षिक अंदाजपत्रक मतदारांपुढे ठेवावे लागते. मतदारांनी ते फेटाळले तर मंडळाने काटछाट करून पुन्हा मांडावयाचे.

२०१८ साली माँटपीलियरच्या शाळा व डोंगरातील रॉक्सबरी या लहान गावाची शाळा यांचा एक जिल्हा करण्यात आला. लहान शाळाजिल्ह्यांनी एकत्र यावे, असे राज्याचे धोरण होते. रॉक्सबरीची वस्ती सातशेच्या आतली. संयुक्त मंडळाच्या नऊ जागांपैकी सात माँटपीलियरला व दोन रॉक्सबरीला मिळाल्या. लोकसंख्येच्या हिशेबाने पाहता रॉक्सबरीला तिच्या वाट्यापेक्षा अधिकच मिळाले, असे म्हणावे लागेल.

मार्च २०२४ मध्ये कर वाढण्याच्या भीतीने राज्यभर सुमारे एकतृतीयांश शाळा-अंदाजपत्रके पहिल्या मतदानात नामंजूर झाली. त्यांत या संयुक्त जिल्ह्याचेही होते. खर्च कोठे कमी करावा, हा प्रश्न मंडळापुढे आला आणि त्याच वर्षी रॉक्सबरीची प्राथमिक शाळा बंद झाली. लहान मुलांना डोंगरातून बसने माँटपीलियरला जाणे आले. पुढे २०२५ मध्ये राज्याने कायदा करून शाळाजिल्हे संख्येने कमी व आकाराने मोठे करण्याचीच दिशा धरली.

या घटनेत कोणी नियम मोडला नाही. मंडळ निवडलेले होते, मतदान गुप्त व खुल्या मनाने झाले, पैशाची अडचण खरी होती. तरीही एका गावाने आपली शाळा गमावली. नऊपैकी दोन मते ही बोलण्यास पुरेशी असतात, थांबविण्यास नसतात. राष्ट्राच्या सिनेटमध्ये लहान राज्याला जो समान आवाज मिळतो, तो राज्यातल्या लहान गावाला शाळामंडळात मिळाला नाही. बहुमताचा निर्णय कायदेशीर असूनही तो ज्यांना सोसावा लागतो त्यांच्यासाठी आणखी काही करावे लागते काय, हा लोकशाहीतील अवघड प्रश्न आहे. कमी पटाच्या शाळांची चर्चा आपल्या राज्यातही वारंवार होते. वस्तीवरच्या शाळेत काम करणाऱ्या शिक्षकाला या प्रश्नाचे गांभीर्य निराळे सांगावयास नको.

८. वर्गात याचा उपयोग

वरील सर्व माहिती मुलांकडून पाठ करवून घेऊ नये. तिच्या आधारे पुढील तीन प्रश्नांची सवय लावावी.

पहिला : हे काम कोणाच्या अधिकारातले आहे?
दुसरा : त्या माणसाला कोणी निवडले अथवा कोणी नेमले?
तिसरा : त्याला उत्तर विचारण्याची जागा व वेळ कोणती?

यानंतर मुलांच्या परिचयाची दहा कामे फळ्यावर लिहावीत. हातपंपाची दुरुस्ती, शाळेच्या छपराची कौले, जिल्हा मार्गावरील खड्डे, रेशन दुकानाची वेळ, विजेचा खांब, टपाल, बँकेची शाखा, रेल्वेचा थांबा, गावातील दिवाबत्ती व दवाखाना अशी ती असू शकतील. प्रत्येकापुढे तिन्ही प्रश्नांची उत्तरे मुलांनी गटागटाने शोधावीत. उत्तर न सापडल्यास ग्रामसेवकांना, सरपंचांना किंवा टपाल कर्मचाऱ्यांना भेटून नम्रपणे विचारून यावे. अशी एक विचारपूस पाठ्यपुस्तकाच्या चार पानांचे काम करते.

वरच्या इयत्तेत एक अभिरूप सभाही घेता येईल. नऊ मुलांचे शाळामंडळ करावे. सात मोठ्या गावाचे, दोन लहान वाडीचे. पैसे अपुरे आहेत व एक शाळा बंद करावी लागेल, असा विषय ठेवावा. दोन सदस्यांना आपली बाजू पूर्ण मांडू द्यावी व मग मतदान घ्यावे. मतदानानंतर सभा संपवू नये. हरलेल्या बाजूच्या मुलांना जाण्यायेण्याची सोय, मधल्या वेळचे जेवण आणि नव्या शाळेतील आपुलकी यांविषयी काय द्यावे लागेल, याचा ठराव त्याच सभेत करवून घ्यावा. मुले हा ठराव कसा करतात, याची शिक्षकांनी नोंद ठेवावी व पुढील केंद्रसंमेलनात ती वाचून दाखवावी.